दुपारची खूण

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीची सुटी संपवून कॉलेजात आलो, तेव्हा पहिल्याच तासाला आमच्या सरांचे लक्ष माझ्या नखांकडे गेले. नखांच्या कडेने काळी रेघ होती. साबण झाला, राख झाली, लिंबाची फोड झाली. पण ग्रीसचा काळेपणा काही जात नव्हता. सर हसून म्हणाले, "काय हो, सुटीत शाईचा कारखाना काढला होता की काय?" वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या काळ्या रेघेमागे एक हकीकत होती, आणि ती सांगण्याचे धैर्य त्या वेळी माझ्यात नव्हते. आज वार्षिकाच्या संपादकांनी 'काहीतरी लिही' म्हणून मागे लकडा लावला, तेव्हा वाटले, तीच सांगावी.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. आमच्याकडे खरिपाचे पीक म्हणजे सोयाबीन. तूर, मूग, उडीद ही आपली कडेकडेने. माझ्या आजीला मात्र सोयाबीनचे कौतुक नाही. तिच्या बोलण्यात अजून ज्वारीचे खळे असते. माळावर पाणी मारून, चोपून, शेणाने सारवलेले खळे. मधोमध रोवलेला तिवडा. त्याच्याभोवती गोल फिरणारी बैलांची पात. त्यांच्या तोंडाला बांधलेली मुसकी. वारा सुटला की वावडीवर उभे राहून उपणणारा माणूस. आणि सगळी रास घरी गेल्यावर खाली उरलेले मातेरे, जे गरिबाघरची बाई सुपात घेऊन पाखडीत बसे. हे सगळे मी पाहिलेले नाही. पण आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की कधी कधी वाटते, आपणही त्या पातीमागे लहानपणी फिरलो आहोत.

आमच्या तात्यांचे, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचे, खळे मात्र चाकावर चालते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दोघा भागीदारांना घेऊन एक जुने हार्वेस्टर विकत घेतले. पंजाबात बरीच वर्षे गव्हात आणि भातात राबून थकलेले ते धूड. रंग उडालेला, पत्र्याला ठिगळे, आणि फेरे दाखवणारा काटा कायमचा शून्यावर बसलेला. तात्यांनी ते का घेतले, याला एक कारण होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे तरुणपणीच मळणीयंत्राने नेली. रात्रीची मळणी, डोळ्यांवर झोप, आणि पेंढी आत सारताना हात जरा पुढे गेला. असे हात देशभर इतके गेले की संसदेला त्यासाठी 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. तात्यांना कायद्याची माहिती नव्हती. ते एवढेच म्हणाले, "आता ज्यात हात घालावा लागत न्हाई असलंच मशीन घ्यायचं."

यंत्राबरोबर एक माणूसही आला. सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत, मीही म्हणतो. साठीच्या पुढचा, पांढऱ्या दाढीचा, लुधियानाकडचा. दर हंगामाला येतो, आमच्या ओसरीवर राहतो, आणि आमच्या आजीशी पंजाबीत बोलतो. आजी त्याला लातुरीत उत्तर देते. आणि दोघांचे उत्तम चालते. हार्वेस्टर तात्या चालवीत. पण त्याचे पोट उस्तादच्या ताब्यात असे. आणि त्या सुटीत उस्तादने ते पोट मला उघडून दाखवले.

मित्रहो, आपण कला शाखेची माणसे. यंत्र म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. पण हे पोट समजायला अवघड नाही. समोरचे पाते पीक कापते, पट्टा ते आत ओढतो, आणि ते एका फिरत्या ड्रमखाली जाते. ड्रमवर खाचा असलेल्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या. ड्रमच्या खाली, त्याला कवेत घेतल्यासारखी, एक अर्धगोल जाळी. ड्रम आणि जाळी यांच्यामधल्या अरुंद फटीतून पीक ओढले जाते; तिथे ते आपटते, घासते, शेंग फुटते, दाणा जाळीतून खाली पडतो आणि काड पुढे जाते. पुढे चाळण्या आणि पंखा. म्हणजे ड्रम हा बैलाचा खूर, जाळी हे खळे, आणि पंखा हा वावडीवरचा वारा! आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मुसकी कुठंय?" मला उत्तर देता आले नाही.

सगळी कला आहे ती त्या फटीत आणि त्या वेगात. फट तोंडाशी रुंद आणि शेवटाला निमुळती ठेवायची, कारण आत येताना पीक जाडजूड असते आणि पुढे जाता जाता ते झडून पातळ होते. फट फार मोठी झाली तर शेंगा न फुटताच मागून बाहेर पडतात. फार लहान झाली तर दाणा भरडला जातो. वेगाचेही तसेच. उस्ताद गव्हाला ड्रम मिनिटाला नऊशेच्या आसपास फेरे फिरवतो, सोयाबीनला त्याच्या निम्मे. मी सहज वहीत हिशेब करून पाहिला. ड्रमचा व्यास 60 सेंटिमीटर. 450 फेरे म्हणजे त्याची कड ताशी सुमारे 50 किलोमीटरने धावते. 900 म्हणजे ताशी 100. आणि शाळेत शिकलेले खरे असेल तर वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. गव्हाचा दाणा हे सोसतो. सोयाबीनचा दाणा सोसत नाही. त्याचे साल पातळ, आणि ज्यातून अंकुर फुटायचा तो नाजूक भाग अगदी सालीलगत. वरून दाणा गोल, पिवळा, साजरा दिसतो. पण आत तडा गेलेला असतो. असा दाणा तेलाला चालतो, बियाण्याला नाही.

काटा बंद, मग फेरे कळायचे कसे? उस्तादने त्यावर आपली युक्ती केली होती. ड्रमचा वेग बदलायला दोन फाकळ्यांची एक पुली असते. फाकळ्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, दूर गेल्या की खाली उतरतो. हा बदल ड्रम फिरत असतानाच करायचा. थांबलेल्या पट्ट्यावर जोर केला तर पट्टा जातो. त्या पुलीच्या दांड्यावर त्याने रंगाच्या रेघा ओढल्या होत्या. गव्हाला लाल, हरभऱ्याला पिवळी, सोयाबीनला पांढरी. जाळी वरखाली करायचा दांडाही खाचांवर बसे. त्या खाचांनाही तेच रंग. आणि फट मोजायला त्याच्याकडे माप नव्हते, दोन जुने बोल्ट होते. इंजिन बंद करायचे, किल्ली खिशात टाकायची, बाजूचे झाकण उघडायचे, आणि जाड बोल्ट पुढच्या फटीत व बारीक बोल्ट मागच्या फटीत घालून पाहायचा. अडकला पाहिजे, पण निघालाही पाहिजे. किल्ली खिशात टाकण्याची पायरी मी एकदा विसरलो, तेव्हा त्याने माझ्या हातावर फटका मारला होता.

त्याचे तीन नियम होते. पहिला, टाकीत चढून दाणा बघ. दुसरा, मशीन पुढे गेल्यावर मागच्या जमिनीवर बस आणि काडात हात घाल. शेंगा आख्ख्या आहेत की दाणे सांडलेत ते बघ. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदल. वेग नाही तर फट. दोन्ही एकदम बदललेस तर कशाने काय झाले ते तुला कधीच कळणार नाही. "पुत्तर," तो म्हणे, "मशीन झूठ नहीं बोलती. देखने वाला झूठ बोलता है."

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा नुसते छान वाटले होते.

आता आक्कांविषयी सांगायला हवे. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला त्यांची दोन एकर जमीन. नवरा पुष्कळ वर्षांपूर्वी वारला, मुलगा पुण्याला कंपनीत. आक्का एकट्या कसतात. 2020 सालच्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या किती तक्रारी झाल्या, हे वाचकांपैकी शेतकऱ्यांच्या मुलांना आठवत असेल. आक्कांचेही विकतचे बियाणे तेव्हा मातीतच कुजले. उसनवार करून त्यांनी दुबार पेरणी केली. त्या वर्षीपासून त्यांनी ठरवले: बियाणे घरचेच. आणि त्यात चूक काहीच नाही. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. त्याचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते, नीट राखले तर दोन-तीन वर्षे चालते. आक्का ते पोते उभे करीत नसत, आदळू देत नसत. लाकडी फळीवर ते आडवे ठेवून त्यावर गोधडी घालीत. लेकराला निजवल्यासारखे.

एरवी बियाण्यापुरते सोयाबीन त्या हाताने काढून काठीने बडवीत. त्या वर्षी पाठ धरली होती. म्हणून त्या सकाळी आमच्याकडे आल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "औंदा समदंच मशीनवर काढा. पर ह्यातलंच मला बियाला ठेवायचंय. जरा हळू घ्या."

"पोरगं हाय की मशीनवर," तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले. "कॉलेजात शिकतंय. समदं ध्यानात ठेवतंय."

त्याच दिवशी एक बेअरिंग आणायला उस्तादला लातूरला जावे लागले. जाताना त्याने मला बजावले. सकाळी दव असते, शेंग वातड असते, फुटत नाही. म्हणून त्याने स्वतः पुली पांढऱ्या रेघेच्या दोन बोटे वर चढवून ठेवली आणि जाळी एक खाच आवळली. "बारा बजे के बाद धूप लगेगी. फली कड़क होगी. तब वापस सफेद पे लाना. भूलना नहीं."

मी विसरलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण विसरलो असतो तर ही हकीकत लिहायची गरजच नव्हती.

बारा वाजले, साडेबारा झाले. ऊन असे तापले की शेंगा हात लावताच तडतडत होत्या. आम्ही वरच्या मळ्यातले काम संपवून आक्कांच्या शेतात शिरलो तेव्हा दीड झाला होता. आणि त्याच वेळी पश्चिमेला आभाळ भरून येऊ लागले. बांधावर चार जण आपापले ट्रॅक्टर घेऊन उभे. प्रत्येकाचे म्हणणे, पाऊस यायच्या आत आमचे घ्या. तात्यांनी मला खूण केली, चल! मी टाकीवर चढलो. पहिले तास संपले तेव्हा टाकीत डोकावलो. पिवळ्या राशीत पांढऱ्या डाळी चमकत होत्या. दोन तुकडे झालेले दाणे. मूठभर घेतले, एका मुठीत दहा-बारा तरी.

मला कळले. त्या क्षणी कळले. तात्यांना थांबवायचे, पुली खाली आणायची, मशीन बंद करून जाळीची फट बघायची, पुन्हा चार पावले चालवून दाणा बघायचा. फार तर पंधरा मिनिटांचे काम. पण बांधावरून लोक ओरडत होते. आभाळ काळे होत होते. आणि मनात एक गोड, समजूतदार आवाज आला: दोनच एकर तर आहे. तासाभराचे काम. बाजारात कोण एवढे बघतो? मी मूठ उघडली, दाणे टाकीत सोडले, आणि तात्यांना हात केला, चालू द्या.

दोन एकर झाले. दुसऱ्याच्या शेतात शिरण्यापूर्वी मात्र मी मशीन थांबवले आणि पुली पांढऱ्या रेघेवर आणली, कारण ते शेत गावातल्या वजनदार माणसाचे होते. हे वाक्य लिहिताना हात थबकतो आहे. पण ते खोडायचे नाही असे मी ठरवले आहे.

पाऊस आलाच नाही. आभाळ आले तसे निघून गेले.

संध्याकाळी ताडपत्रीवरच्या राशीशी आक्का बसल्या होत्या. त्यांनी ओंजळ भरून घेतली, दुसऱ्या हाताने दाणे बाजूला केले. "लेकरा, डाळ लई झालीय रं."

"ऊन फार होतं, आक्का. सोयाबीन जास्त वाळलं होतं," मी म्हणालो. खोटे नव्हते. ऊन फार होते. सोयाबीन वाळले होते. खोटे बोलण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे अर्धे खरे बोलणे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आक्का काही बोलल्या नाहीत. एक दाणा त्यांनी दातांखाली धरून पाहिला आणि ओंजळ राशीत सोडली.

रात्री उस्ताद आला. हातपाय धुण्याआधी बॅटरी घेऊन मशीनपाशी गेला. पुली पांढऱ्यावरच होती. मी सुटकेचा श्वास टाकला. मग त्याने टाकीच्या कोपऱ्यात हात घातला. टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत थर साचत जातो, आणि त्याला शेतांचा क्रम ठाऊक होता. चार ठिकाणचे दाणे त्याने चार बोटांच्या अंतराने पत्र्यावर मांडले. तिसरी ढिगुळी पाहून म्हणाला, "ये किसका है?"

मी सांगितले.

"बीज के लिए बोली थी ना?"

मी मान हलवली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. बॅटरी बंद करून तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या राशीतले पसाभर सोयाबीन मागून आणले. कारण काय सांगितले ते आता आठवत नाही. त्यातले फुटके बाजूला काढले. वरून निर्दोष दिसणारे, गोल, साजरे शंभर दाणे निवडले. बारदानाचा तुकडा ओला केला, त्यावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी केली. दुसऱ्या बारदानात आमच्या घरच्या बियाण्याचे शंभर दाणे. ते पांढऱ्या रेघेवर काढलेले होते. दोन्ही गुंडाळ्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडले. आमच्या गावच्या कृषी सहायकांनी ही रीत शाळेत येऊन दाखवली होती. शंभरात सत्तर उगवले तर बियाणे चांगले; त्याहून कमी तर पेरणीत बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, आणि फारच कमी असेल तर ते पेरूच नये.

सातव्या दिवशी गुंडाळ्या उलगडल्या. आमच्या बारदानात 84 कोंब. मग दुसरी. काही दाणे फुगून चिकट झाले होते; काहींना कोंब होता, पण मुळाशी वाकडा, मोडका; काही नुसतेच पडून. मी दोनदा मोजले. 52.

परीक्षेत इतके गुण पडले की आपण पेढे वाटतो!

ती दुपार मी कशी काढली ते सांगत नाही. आत काहीतरी सारखे वाद घालत होते. कळले नसते तर? जूनमध्ये पेरले असते, विरळ उगवले असते, पावसाला दोष दिला असता. पावसाला दोष द्यायला कधी अडचण येत नाही. हे सगळे मनात येऊन गेले. पण बारदानातले ते वाकडे कोंब डोळ्यांपुढून हलत नव्हते. उजेड पडताना मी ती गुंडाळी तशीच काखेत धरली आणि आक्कांच्या घरी गेलो.

आक्का चुलीपुढे होत्या. मी सांगितले. सकाळची पुली, दुपारचे ऊन, टाकीतली मूठ, सगळे. वजनदार माणसाच्या शेताआधी मशीन थांबवल्याचेही. त्यांनी भाकरी उलटली, मग विचारले, "किती आलं?"

"बावन्न."

त्या उठल्या. देवळीतून एक ताटली काढली. तिच्यात ओले फडके, आणि फडक्यात ओळीने मांडलेले सोयाबीन. "माझं पंचवीसात तेरा आलं."

मी त्या ताटलीकडे पाहतच राहिलो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने माझ्याच दिवशी, माझीच परीक्षा मांडली होती, आणि आमचे उत्तर शेकड्याच्या हिशेबातही जुळत होते!

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दातात धरला तवाच ठाव झालं. दाणा कडक लागला न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू बगत हुतास की टाकीत. म्या बांधावरून बगितलं तुला." त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या. "बस. भाकर खा."

बियाणे एकराला 30 किलो लागते. दोन एकरांचे 60. आमच्या घरच्या बियाण्यातले 60 किलो मी तात्यांना विचारून आक्कांच्या घरी पोचवले. फुकट घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. आपल्या राशीतले 60 किलो मोजून आमच्या पोत्यात भरले. "हे तुमी बाजारात घाला. डाळीचं जे कापतील ते तुमचं." कापले ते तात्यांनी माझ्या नावावर मांडले, आणि ते रास्तच होते. नवे पोते आक्कांनी माझ्याकडूनच फळीवर आडवे ठेवून घेतले. "आदळू नगंस," एवढेच म्हणाल्या. त्या सगळ्या प्रकरणात त्यांनी मला केलेला उपदेश तो एवढाच.

सुटी संपून इकडे आल्यावर इतिहासाच्या अभ्यासासाठी एक पुस्तक चाळत होतो. त्यात इंग्लंडातल्या 1830 च्या शेतमजुरांच्या दंग्याचे प्रकरण होते. 1786 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अँड्र्यू मीकल नावाच्या कारागिराने मळणीचा फिरता ड्रम चालता केला. आमच्या तात्यांच्या मशीनमधला ड्रम त्याचाच वंशज. पुढे 1836 साली अमेरिकेत हायरम मूर याने कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण त्याआधीच, 1830 साली, केंट परगण्यातल्या मजुरांनी रात्री जमून मळणीयंत्रे फोडली होती. हिवाळाभर काठीने धान्य बडवण्याचे काम हाच त्यांचा आधार होता आणि यंत्राने तो काढून घेतला होता. हे लोण पुढे पुष्कळ परगण्यांत पसरले. कित्येकांना फाशी झाली, शेकडोंना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले.

पूर्वी हे प्रकरण मी परीक्षेपुरते वाचले असते. या वेळी मला आक्का आठवल्या. हार्वेस्टर गावात येण्यापूर्वी त्या सोयाबीन काढणीच्या टोळीच्या मुकादम होत्या. पंधरा-वीस बाया घेऊन एकराच्या उक्त्याने शेते काढीत. टोळी आता उरलेली नाही. त्यांचे हे काम आमच्याच मशीनने घेतले, आणि तरी त्यांनी आपले शेत विश्वासाने त्याच मशीनच्या तोंडी दिले. त्यांनी यंत्र फोडले नाही. फक्त म्हणाल्या, जरा हळू घ्या. आजीने विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. बैलाला मुसकी बांधत, कारण तो राशीतले खातो. यंत्राला भूक नसते. पण ते चालवणाऱ्याला घाई असते, आणि घाईलाही राशीतले खाता येते.

यंत्र वाईट असते असे मला म्हणायचे नाही. तात्यांची उरलेली आठ बोटे त्यानेच राखली. बियाण्याच्या सोयाबीनची मळणी मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांवर करावी, दाण्यात तेरा-चौदा टक्के ओल असताना करावी, असे कृषी विद्यापीठांचे सांगणे आहे; आणि तसे केले तर यंत्रातूनही चांगले बी निघते. पांढऱ्या रेघेवरच्या 84 कोंबांनी ते दाखवलेच. रेघ बरोबर होती, नियम बरोबर होते, बोल्टही बरोबर होते. उणे होते ते दुसरीकडे. आणि त्याला कोणतीही पुली लागू पडत नाही.

यंदा जूनमध्ये चांगला पाऊस झाला. पेरणीनंतर आठव्या दिवशी मी गावी होतो. सकाळी खालच्या बांधावर गेलो. आक्कांच्या दोन एकरांत सोयाबीन उगवून आले होते. दोन-दोन जाड पाने जमीन फोडून वर आलेली, ओळ कुठे तुटलेली नाही. आक्का पलीकडे खुरपे घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि पुन्हा खाली वाकल्या.

ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्यापूर्वी उस्ताद आला. मशीनची झाकणे उघडली, ग्रीस झाले, पट्टे ताणून पाहिले. मग त्याने पत्र्याचा एक लहान डबा माझ्या हातात दिला. आत हिरवा रंग होता. पांढऱ्या रेघेच्या एक बोट खाली त्याने खडूने खूण केली होती.

"ये क्या है?" मी विचारले.

"दोपहर का," तो म्हणाला. "बीज वालों के लिए. तू खींच."

मी रेघ ओढली. हात थोडा थरथरला, त्यामुळे ती जराशी वाकडी आली. पुसून सरळ करू का, असे विचारले तर त्याने नको म्हटले. नखांच्या कडेला या वर्षी काळ्याबरोबर थोडा हिरवा रंगही आहे. सरांनी विचारले तर आता सांगता येईल.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)